एका कोपऱ्यात काळं येतंय म्हणजे लेन्स खराब असं नाही

एकानं विचारलंय की अ‍ॅडाप्टर (व्हिडिओ कॅमेऱ्यापुढे फोटोची लेन्स लावायची जोडणी, लेन्सचं चित्र तिच्यातल्या दाणेदार काचेवर पडतं आणि कॅमेरा तेच टिपतो) लावल्यावर एकाच कोपऱ्यात काळं येतं आणि उजवी बाजू सॉफ्ट दिसते, लेन्स बदलू का. नका बदलू राव, आधी कॅमेरा सरळ आहे का बघा.

मी काय करतो, ग्राउंड ग्लासची, म्हणजे त्या दाणेदार काचेची, दाणे लपवायला ती हलवणारी मोटर बंद, ऑटोफोकस बंद, समोर पांढरी भिंत, आणि कॅमेरा झूम करून काचेच्या दाण्यावर मॅन्युअल फोकस. चारही कोपऱ्यांत दाणे सारखे टोचले पाहिजेत, एका बाजूचे विरघळले की कॅमेरा तिरका बसलाय समजा. मग झूम तसाच ठेवायचा, हलवला की मेहनत पाण्यात.

काळी कडा खाली दिसली तर कॅमेरा खाली आहे, कॅमेरा बसतो त्या प्लेटखाली वॉशर घाला. पण चित्र उलटं येतं म्हणून एलसीडी फिरवला असेल तर तीच कडा वर दिसते, ह्यात मी एक अख्खी दुपार घालवली, तीपण सोलापूरच्या मे महिन्यात, गच्चीवर!!

तपासणीचा छापील चार्ट नसला तर घरातली सोलापुरी चादर ताणून भिंतीला लावा, तिच्या सरळ पट्ट्या मस्त काम करतात. इन्फिनिटीला (लेन्सचा सगळ्यात लांबचा फोकस) मी सिद्धेश्वर तळ्याच्या काठावरनं किल्ल्याचा लांबचा बुरूज धरतो, पण हे कॅमेरा काचेवर लॉक झाल्यावरच, नायतर दोन्हीकडे फिरवत बसाल.

आणि लेन्सचं अ‍ॅपर्चर (आतलं छिद्र) २.८ च्या आसपास उघडं ठेवा, ८ वर नेऊन बारीक केलं की दाणे दिसणारच, तो अलाइनमेंटचा दोष नाय.