१९८६ ची बुलेट + साइडकार घेतलीय, धुवायच्या आधी काय काय बघू?

पेठेतला_पोऱ्या:
नमस्कार मंडळी, घेतली शेवटी एकदाची! बुलेट ३५० स्टँडर्ड, १९८६ ची, डाव्या बाजूला साइडकार. मिरजेच्या एका काकांची होती, ते गेल्यापासून आठ-नऊ वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी. टेम्पोत घालून पुण्याला आणली. साइडकारच्या सीटखाली उंदरांनी संसार थाटलाय, फोमचा पार भुगा, आणि हेडलाइटला कधीतरीच्या दसऱ्याच्या हाराचा दोरा अजून तसाच आहे. इंजिन जाम नाही, किक खाली जाते. उद्या वॉशिंग सेंटरला नेऊन प्रेशरने चकाचक करतो आणि ताजं पेट्रोल टाकून किक मारतो असं ठरवलंय, चालेल ना? साइडकारमध्ये वेगळं काय बघायचं असतं? मी आजवर नुसती बुलेटच चालवलीय. साइडकारवर बनवणाऱ्याची प्लेट नाहीये. बायकोने दिवाळीपर्यंत मुदत दिलीय, नंतर एकतर गाडी घराबाहेर नाहीतर मी.

टॅपेट_काका:
अरे थांब, वॉशिंग सेंटर आधी कॅन्सल कर. ती घाण तुझ्या कामाची आहे. ऑइल कुठून गळतंय, कुठल्या नटाला अलीकडे पाना लागलाय, कुठे नवीन रंग मारलाय हे सगळं त्या धुळीत दिसतं, एकदा धुतलं की गेलं. शिवाय प्रेशरचं पाणी चाकांच्या बेअरिंगमध्ये, पॉइंटच्या (ठिणगी पाडणाऱ्या स्विचच्या) डब्यात आणि कार्बोरेटरमध्ये शिरतं ते वेगळंच. कोरडं फडकं, जुना टूथब्रश, वाटीभर डिझेल घे आणि हाताने पूस, दोन दिवस लागले तर लागू देत.

सुरुवात साइडकारच्या जोडांपासून कर, इंजिन पळून जात नाही. बुलेटला सहसा चार ठिकाणी पकड असते, खाली दोन, वर दोन. बुलेटची फ्रेम एकट्या गाडीसाठी बनवलेली, तिला बाजूने ओढ बसली की क्लॅम्पच्या कडेला, वेल्डिंगच्या लगत चीर जाते. तिथला रंग तारेच्या ब्रशने काढ, डिझेल लावून पूस, वरून खडूची भुकटी चोळ आणि पाच मिनिटं थांब. चीर असेल तर आतलं डिझेल खडूवर बारीक काळी रेघ काढतं. माझ्या हाताखाली एक गाडी होती, मालक म्हणायचा कालपर्यंत मस्त पळत होती, रेघ बघितल्यावर तोच घाम पुसत बसला.

मग साइडकारचं चाक उचलून हाताने हलव, खडखड वाजलं तर बेअरिंग गेलं. स्पोक एकेक करून पान्याने टिचकी मारून ऐक, ढिला असेल तो बद्द वाजतो. पायाखालचं मॅट उचल, खालचा पत्रा हमखास कुजलेला असतो, कारण पाणी जायचं भोक मातीने बुजलेलं असतं. हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, पण बघ, साइडकारवाल्या गाडीत तो लवकर झिजतो.

इंजिनाचं म्हणशील तर आत्ताच किक मारत बसू नकोस. या इंजिनात ऑइलची टाकी आतच असते, गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ऑइल झिरपून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीत उतरतं. खालचे ड्रेन उघडून सगळं काढ, नवीन २०डब्ल्यू५० ग्रेडचं ऑइल भर. प्लग काढून सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल सोड, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किकने इंजिन हळूहळू फिरव. सुरू झाली की हेडवर जाणाऱ्या ऑइल पाइपचा बोल्ट जरासा ढिला कर, तिथे ऑइल पाझरलं तर पंप चालतोय. नाही पाझरलं तर लगेच बंद.

सोलापुरी_चादर:
काकांनी सगळं सांगितलं, मी फक्त चालवण्याचं सांगतो. आमच्या अण्णांच्या बजाज स्कूटरला साइडकार होती, लहानपणी आम्ही तिघं भावंडं आणि दळणाचा डबा त्यातच कोंबलेलो असायचो. नंतर मी बुलेटची चालवली तेव्हा पहिल्याच वळणावर कुंपणात गेलो 😂 कारण आपण सवयीने गाडी झुकवायला जातो आणि ही झुकतच नाही, हँडल मारून वळवावी लागते. ॲक्सिलरेटर दिला की डावीकडे ओढते, साइडकारला ब्रेक नसेल तर ब्रेक मारल्यावर उजवीकडे जाते. आणि डावीकडे जोरात वळलास की साइडकारचं चाक हवेत. आधी मोकळं मैदान बघ, साइडकारमध्ये वाळूचं पोतं टाक आणि मग शीक. वहिनींना पहिल्या दिवशी बसवू नकोस, दिवाळीची मुदत तिथेच संपेल.

आरटीओ_ग्रस्त:
आरसी बघितलीस का? त्यावर साइडकारची नोंद आहे का ते सगळ्यात आधी बघ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलच्या व्याख्येतच सुटी होणारी साइडकार धरलेली आहे, त्यामुळे ही तीनचाकी ठरत नाही. पण मागून लावली असेल आणि नोंद नसेल तर कलम ५२ खाली बदलाची मंजुरी घ्यावी लागते. १५ वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचं रिन्यूअल असतं, गाडी शेडमध्ये होती म्हणजे तेही राहिलेलं असणार, वर पर्यावरण कर. मालक वारलेत, तर वारसांच्या सह्या आत्ताच घेऊन ठेव, नंतर ते पुण्याला येत नसतात (अनुभव). चासी नंबर मात्र सँडपेपरने घासू नकोस, मऊ फडक्याने पूस.

पेठेतला_पोऱ्या:
काका, तुमच्या पाया पडतो. दोन दिवस पुसत बसलो. खालच्या पुढच्या क्लॅम्पपाशी रंग इतर ठिकाणापेक्षा जरा चकचकीत वाटला म्हणून खरवडला, तर आत पुट्टी! ती काढून खडू लावला आणि बोटाच्या पेराएवढी काळी रेघ आली. तेव्हाच धुवून आणली असती तर मला ती चमकच छान वाटली असती. आरसीवर नोंद आहे, सुटलो. सीटखाली उंदराच्या घरट्यात पंचवीस पैशाची दोन नाणी आणि लहान पोराची एक सँडल सापडली. आता त्या चिरेवर वेल्डिंग मारून घेऊ का?

टॅपेट_काका:
नुसता वरून टाका मारशील तर त्याच्या शेजारी नवीन चीर जाईल. साइडकार पूर्ण सोडव, चीर संपते तिथे बारीक भोक पाड म्हणजे ती पुढे सरकत नाही, चीर खोलून वेल्ड मार आणि बाहेरून पट्टी चढव. नाक्यावरच्या ग्रिलवाल्याकडे नको, चासीची कामं करणारा शोध. साइडकारवर काम केलेल्या जुन्या मेकॅनिकना हे जोड पाठ असतात, जमलं तर फोटो काढून त्यांना दाखवून ये.

परत जोडताना दोन सरळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या घे, एक गाडीच्या दोन्ही चाकांना लावून, एक साइडकारच्या चाकाला. दोन पट्ट्यांतलं अंतर पुढे मागच्यापेक्षा अर्धा ते पाऊण इंच कमी पाहिजे. साइडकारचं चाक मागच्या चाकाच्या वीतभर पुढे, आणि गाडी किंचित बाहेर, म्हणजे उजवीकडे कललेली. हे जमलं नाही तर टायर महिन्यात खाईल आणि तुझे खांदे पण.

पेठेतला_पोऱ्या:
पट्ट्या आणल्या. बायको विचारतेय किचनच्या ट्रॉलीसाठी आणल्यात का, हो म्हटलंय सध्या.