गृहकर्जासोबत गळ्यात मारलेला विमा: स्वतः भांडू की कंपनीला काम देऊ?

वाळवेकर

नमस्कार. मी वाळवा तालुक्यात शाळेत लिपिक आहे. जानेवारी २०२५ मध्ये १८ लाखांचं गृहकर्ज घेतलं, १५ वर्षांसाठी, ९ टक्क्यांनी. घरी हिशेब करून गेलो होतो, हप्ता १८,२५७ बसणार होता. प्रत्यक्षात कापला जातो १९,१३३. इतके दिवस वाटायचं, व्याजदर बदलला असेल. परवा मुलीनं कर्जाचा खातेउतारा काढून दिला, तेव्हा कळलं की कर्ज उचललं त्याच तारखेला विम्याचा एकरकमी प्रीमियम म्हणून ८६,४०० रुपये मूळ कर्जात मिळवलेत. म्हणजे महिन्याला ८७६ जादा, आणि १५ वर्षांत दीड लाखाच्या वर.

सही माझीच आहे, ती नाकारत नाही. बँकेतले साहेब म्हणाले होते, "विम्याशिवाय फाइल पुढं सरकत नाही." आता प्रमाणपत्र नीट वाचलं तर संरक्षण फक्त ५ वर्षांचं आहे. शिवाय तब्येतीच्या प्रश्नांत मधुमेहापुढं 'नाही' अशी खूण आहे. मी ९ वर्षं गोळी घेतोय. ती खूण मी केलेली नाही. पैशापेक्षा ह्याचा घोर जास्त लागलाय. उद्या माझं काही बरंवाईट झालं आणि ह्याच खुणेवर बोट ठेवून बायकोला नकार दिला तर?

असे विम्याचे पैसे परत मिळवून देतो म्हणणाऱ्या एका कंपनीचा फोन आला होता. आधी २,५०० नोंदणी, मग मिळेल त्या रकमेचे २० टक्के अधिक जीएसटी. सगळं पाहता २३ हजारांच्या आसपास जातात. कुणाला अनुभव आहे का?

माई_चिपळूण

दादा, कंपनीला देऊ नका. स्वतः करा. मी केलंय, आणि मी बारावीपर्यंतच शिकले आहे.

जुलै २०२१ च्या पुरात आमचं घर छातीएवढ्या पाण्यात होतं. डागडुजीला कर्ज काढलं, त्यातून ३१,५०० रुपये विम्याला गेले. तेव्हा भिंतींची ओल गेली नव्हती, कोण कागद वाचत बसणार! सहा महिन्यांनी लक्षात आलं. मलाही असाच फोन आला होता. मी त्या मुलाला विचारलं, तुम्हाला माझ्याकडून काय काय लागेल? म्हणाला, मंजुरीपत्र, खातेउतारा, विम्याचं प्रमाणपत्र आणि काय घडलं ते लिहून द्या. मग उरलं काय? सगळं मीच द्यायचं असेल तर टपालही मीच टाकते म्हटलं.

आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. एका पानाचं, तारखांसकट. त्यात एक मागणी आवर्जून घातली: विमा देताना मला जो खात्री करणारा फोन केला होता, त्याचं रेकॉर्डिंग द्या. उत्तर आलं, "आपण स्वेच्छेने सही केली आहे." पण रेकॉर्डिंगही आलं. ते मी ओट्याशी उभी राहून ऐकलं. पलीकडची बाई भराभर हिंदीत विचारते, सब समझ लिया ना? मी गप्प. आणि मागून बँकेतल्या माणसाचा आवाज, "हो म्हणा, हो म्हणा." मग माझा, "हो." चारदा ऐकलं मी ते. अंगावर काटा आला.

त्यानंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या कार्यालयाकडे, तक्रार केली. विमा कंपनीनं नकार दिला, समाधान होईल असं उत्तर दिलं नाही किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर तिकडे जाता येतं. नकारापासून एक वर्षाची मुदत असते. फी एक रुपयाही नाही, वकील लागत नाही. सुनावणी व्हिडिओवर झाली. बोलले मीच, आणि ते रेकॉर्डिंग वाजवलं. पूर्ण ३१,५०० कर्जखात्यात जमा झाले.

तुमच्याकडे ती मधुमेहाची खूण आहे. जुनी औषधाची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट, जे असेल ते तारखेसकट जोडा. गोळी घेणारा माणूस स्वतःहून 'नाही' का लिहील, हे तुमच्याइतकं पोटतिडकीनं कोण सांगणार?

दर्यावर्दी

माईंचं बरोबर आहे, पण माझी बाजूही सांगतो. मी जहाजावर असतो, सहा-सहा महिने. घरी म्हातारे आईवडील. माझे १,१२,००० अडकले होते. पैसे मिळवून देणाऱ्या अशाच एका कंपनीला काम दिलं, विमा कंपनीशी पत्रव्यवहारातच मिटलं. १५ टक्के म्हणजे १६,८०० आणि वर जीएसटी ३,०२४. खुपलं, पण माझ्याच्यानं पाठपुरावा झालाच नसता. माझ्या कंपनीनं आधी एक पैसा घेतला नव्हता. तुमची २,५०० आधी मागतेय, तिथं सावध व्हा. नेटबँकिंगचा पासवर्ड किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या.

निवृत्त_काउंटर

मी ३१ वर्षं बँकेत काढली. वाळवेकर, दोन गोष्टी तातडीच्या.

पहिली, रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. तक्रार चालू असली तरी सिबिलवर थकबाकीच दिसेल.

दुसरी, तुमचं कर्ज जानेवारी २०२५ चं आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना रिझर्व्ह बँकेनं मुख्य तथ्य विवरण सक्तीचं केलंय. कर्जाचे सगळे आकार आणि अटी एकत्र दाखवणारा तो कागद, शाखेत त्याला केएफएस म्हणतात. बँकेनं विम्यासाठी पैसे घेतले असतील तर ते त्यात दिसायला हवेत आणि कर्जाच्या एकूण खर्चाच्या वार्षिक टक्केवारीतही धरलेले हवेत. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. तो कागद शोधा.

विमा कसा विकला याची तक्रार विमा कंपनीकडे आणि मग विमा लोकपालांकडे. बँकेनं कर्जाला विमा जोडला याची तक्रार आधी बँकेकडे लेखी, आणि ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे. तेही फुकट आहे. पत्रात नुसता प्रीमियम परत मागू नका. त्यावर आजवर भरलेलं व्याजही मागा, आणि रक्कम जमा झाली की हप्ता १८,२५७ वर आणा असं स्पष्ट लिहा, नाहीतर हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात.

बाकीच्यांसाठी: पॉलिसी हातात येऊन ३० दिवस झाले नसतील तर भांडत बसू नका, फ्री-लूकमध्ये, म्हणजे पॉलिसी परत करायच्या मुदतीत, रद्द करा. आणि "लोकपाल कार्यालयातून बोलतोय, पैसे मंजूर झालेत, आधी कर भरा" असा फोन आला तर तो भामटा समजा.

वाळवेकर

माई, काका, दर्यावर्दी, सगळ्यांचे आभार. त्या फोनवाल्या कंपनीला 'नको' म्हणून कळवलं.

काल रात्री पेटीतून केएफएस निघालं. विम्याच्या आकारापुढं शून्य लिहिलंय. खाली शाखेचा शिक्का, आणि तारीख खात्यातून ८६,४०० गेले तीच. दोन्ही कागदांच्या झेरॉक्स एकाखाली एक लावल्यात आणि बँकेच्या अर्जाची सुरुवात तिथूनच केली आहे. रक्ताचा २०१६ चा रिपोर्ट बायकोनं जपून ठेवला होता, तो विमा कंपनीच्या पत्राला जोडतोय. रेकॉर्डिंगही मागितलंय.