बाभळीचं नाव का बदललं? (आणि ‘प्रजाती’वरून झालेली हाणामारी)

काटेरी: कालच्या धाग्यात एकानं लिहिलं, ‘वर्गीकरणवाले रिकामटेकडे, म्हणून नावं बदलत बसतात.’ डोकंच उठलं. अहो, नातं नव्यानं कळलं की नाव बदलावंच लागतं. टोमॅटो बघा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्ये त्याला बटाट्याशेजारी सोलॅनम या प्रजातीत (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) बसवलं. मिलर या दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञानं तिथून उचलून लायकोपर्सिकॉन या वेगळ्या प्रजातीत नेलं. डीएनए तपासल्यावर कळलं, लिनियसच बरोबर. यात रिकामटेकडेपणा कुठे आला?

खोडरबर: ते वाक्य माझंच. टोमॅटो मान्य. बाभळीचं काय? ॲकेशिया हे नाव मुळात तिचं. प्रजाती फोडायची वेळ आली तेव्हा २००५ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियातल्या जातींना देऊन टाकलं, कारण काय, तर त्या संख्येनं जास्त. विरोधात जवळपास ५५ टक्के मतं होती हो! पण फेटाळायला ६० लागत होती. मूळ मालकीण झाली व्हॅचेलिया. मी परीक्षेत हे नवं नाव लिहिलं, तर बाईंनी लाल काट मारून वर ‘ॲकेशिया’ लिहिलं. दोन गुण गेले.

निळीशाई: विषयांतर करते, पण दोघांनीही ‘प्रजाती’ बरोबर वापरलंय म्हणून हात जोडले. बातम्यांत बघा, ‘वाघाची प्रजाती धोक्यात’! प्रजाती पँथेरा, त्यात सिंह आणि बिबट्याही आले. वाघ ही जाती, म्हणजे स्पीशीज.

उंबरठा: ताई, ‘जाती’ म्हटलं की लोकांच्या डोक्यात भलतंच येतं. म्हणून ‘प्रजाती’ रुळलं. भाषा लोकच ठरवतात.

निळीशाई: मग जीनसला काय म्हणाल? सांगाच.

उंबरठा: वंश. हिंदीत म्हणतात की.

निळीशाई: घ्या, आता उसनवारी! मी एक पुस्तिका तपासत होते, भाषांतरकारानं दोन्हींना एकच शब्द ठोकलेला. ‘या प्रजातीत तीन प्रजाती आहेत.’ छापून आलं असतं हे! रात्री दोनपर्यंत बसून एकेक ओळ निस्तरली. तेव्हा ‘लोक ठरवतात’ हे मला ऐकवू नका.

उंबरठा: भाषांतरकाराचा राग माझ्यावर का?

काटेरी: बाभूळ राहिली बाजूला. खोडरबर, मतदान झालं, २०११ मध्ये मेलबर्नच्या परिषदेत त्यावर शिक्कामोर्तबही झालं. पण मत पडलं ते नावावर. प्रजाती फुटली ती पुराव्यानं. नाव कुणाकडे ठेवायचं, ही नुसती वाटणी.

खोडरबर: आणि वाटणीत आडनाव चुलतभावानं नेलं. बरं, ‘रिकामटेकडे’ मागे घेतो. ‘पक्षपाती’ लिहितो.

निळीशाई: आणि ‘प्रजाती’चं काय ठरलं?

उंबरठा: लिहिताना ‘जाती’ लिहीन. बोलताना नाही.