शब्दचर्चा: ‘सॅलरी कॅप’ म्हणजे वेतनमर्यादा, मग ‘कॅप स्पेस’ म्हणजे काय?

नमस्कार मंडळी. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते. लेक बारा वर्षांचा आहे आणि रविवारी मराठी शाळेत जातो. या सत्रात प्रत्येक मुलाने आपल्या आवडीच्या विषयावर पाच मिनिटं मराठीत बोलायचं आहे. त्याने विषय निवडलाय: २०१६ साली एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधल्या गोल्डन स्टेट वॉरियर्सने केव्हिन ड्युरँटला संघात कसं आणलं. तो खेळाबद्दल फारसं बोलणारच नाही. त्याला सांगायचंय ते हिशेबाबद्दल. इतके मोठे खेळाडू आधीच असलेल्या संघाला आणखी एक घेणं परवडलं कसं, आणि त्यासाठी कोणाला सोडावं लागलं.

शब्दांवर आमचं घोडं अडलंय. ‘सॅलरी कॅप’ला मी वेतनमर्यादा सुचवलं. ‘कॅप स्पेस’ला शिल्लक म्हणाले, तर तो म्हणतो, “आई, ते पैसे नाहीत.” ‘कॅप होल्ड’ला तर काहीच सुचत नाही. आणि संघ जेव्हा एखाद्या खेळाडूवरचे हक्क ‘रिनाउन्स’ करतो तेव्हा काय म्हणायचं? “वॉरियर्सने हॅरिसन बार्न्सचा त्याग केला” असं लिहून पाहिलं. वाचताना सीतात्याग आठवला, खोडून टाकलं. इंग्रजी शब्द तसेच ठेवता येतील हे मला कळतं. पण समोर आजी-आजोबा बसलेले असणार, आणि त्यांना हा हिशेब कळावा अशी त्याची मनापासून इच्छा आहे.

*

ताई, मी बरीच वर्षं क्रीडापानावर काम केलंय, म्हणून आधी वेतनमर्यादेबद्दल सांगतो. शब्द चुकीचा नाही, पण ही जागा आधीच भरलेली आहे. मराठी नोकरदाराला ‘वेतनमर्यादा’ म्हटलं की भविष्य निर्वाह निधी आठवतो. तिथली वेतनमर्यादा २०१४ साली १५,००० रुपये झाली, ती एका माणसाच्या पगाराची. त्यामुळे “एनबीएची २०२४-२५ची वेतनमर्यादा १४ कोटी ६ लाख डॉलर” असं छापलं, की वाचणाऱ्याला वाटतं एका खेळाडूला जास्तीत जास्त एवढे मिळतात. मुळात तो आकडा आख्ख्या संघाच्या पगारांच्या बेरजेचा आहे.

घोळ इथेच संपत नाही, कारण एका खेळाडूला किती देता येईल याचीही वेगळी मर्यादा एनबीएत आहे. खेळाडू लीगमध्ये किती वर्षं खेळलाय त्यावरून ती ठरते: संघाच्या मर्यादेच्या २५, ३० किंवा ३५ टक्के. म्हणजे दोन गोष्टी आणि आपल्याकडे शब्द एकच. मी ‘संघाची वेतनमर्यादा’ आणि ‘खेळाडूचं कमाल वेतन’ अशी जोडी वापरायचो. लांब आहे, पण वाचकाची फसगत होत नाही. नुसतं ‘कॅप’ मात्र टाळा. क्रिकेटमुळे आपल्याकडे ‘कॅप’ म्हणजे देशाकडून खेळल्याची खूण. आयपीएलच्या लिलावात ‘कॅप्ड’ आणि ‘अनकॅप्ड’ खेळाडू असतात, त्या कॅपचा पगाराशी संबंध नाही.

*

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. बास्केटबॉलमधलं मला काही कळत नाही, पण वरचा मुद्दा वाचून राहवलं नाही. ‘मर्यादा संघाची, एका माणसाची नव्हे’ ही कल्पना मराठीला नवी नाही. १९६१चा शेतजमीन कमाल धारणेचा कायदा आठवा. गावात त्याला सगळे ‘सीलिंग’ म्हणत, ‘आमची जमीन सीलिंगमध्ये गेली’ असं. त्यात पुढे कुटुंब हा घटक धरला गेला. बारमाही बागायत असेल तर १८ एकर, कोरडवाहू असेल तर ५४ एकर. नवऱ्याच्या नावावर किती, बायकोच्या नावावर किती हे वेगवेगळं न पाहता घराची बेरीज करायची. तुमच्या लेकाचा संघ म्हणजे तसा कुटुंब घटक. म्हणून मी ‘संघाची कमाल मर्यादा’ म्हणेन. ‘कमाल’ शब्द आजोबा मंडळींना लगेच कळेल, त्यातल्या बऱ्याच जणांनी त्याची झळ सोसलेली असेल.

*

काका, कुटुंबाची उपमा फार आवडली. ती मी जपून ठेवणार आहे. फक्त एका ठिकाणी ती तुटते आणि तीच जागा या विषयात महत्त्वाची आहे. सीलिंगमध्ये मर्यादेवरची जमीन सरकार काढून घ्यायचं. एनबीएत संघ मर्यादेच्या वर बिनदिक्कत जाऊ शकतो, मात्र ठरावीक दारांनीच.

सगळ्यात ठळक उदाहरण मायकेल जॉर्डनचं. १९९७-९८च्या हंगामात संघाची मर्यादा होती २ कोटी ६९ लाख डॉलर आणि एकट्या जॉर्डनचा पगार ३ कोटी ३१ लाख. एकाच माणसाचा पगार आख्ख्या संघाच्या मर्यादेपेक्षा जास्त, आणि नियम कुठेही मोडलेला नाही! (वर म्हटलेलं ‘खेळाडूचं कमाल वेतन’ त्यानंतर, लीग आणि खेळाडू संघटनेच्या १९९९च्या करारात आलं.) हे कसं जमलं? १९८४-८५ला ३६ लाख डॉलरची मर्यादा आली तेव्हापासून एक तत्त्व आहे: आपला स्वतःचा जुना खेळाडू राखायला मर्यादा ओलांडता येते. बॉस्टनच्या लॅरी बर्डवरून त्याला बर्ड अपवाद म्हणतात. खेळाडूने साधारण तीन हंगाम पुरे केले की त्याच्यावर संघाचे पूर्ण बर्ड हक्क तयार होतात. अशा मर्यादेला इंग्रजीत ‘सॉफ्ट’ म्हणतात. तिथे ‘मऊ’ नको, ‘लवचीक’ बरं. अमेरिकन फुटबॉलमधली मात्र ‘कडक’.

आता ‘शिल्लक’ का चालत नाही ते पाहा. तुमचा मुलगा बरोबर बोलतोय. शिल्लक म्हणजे खर्च करून उरलेले पैसे. आयपीएलच्या ‘पर्स’ला तो शब्द अगदी बसतो. २०२५च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपये होते, लखनौने ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं की तेवढे वजा, उरले ते शिल्लक. पर्स संपली की लिलाव संपला. एनबीएत मालकाच्या तिजोरीत कितीही पैसा असो, संघ रेषेच्या वर असेल तर बाहेरचा करारमुक्त मोठा खेळाडू पूर्ण पगारावर घेता येत नाही. स्वतःच्या खेळाडूला मात्र त्याहून जास्त देता येतं. म्हणजे अडचण पैशांची नाही, रेषेखाली किती मोकळं आहे याची आहे. पैसा मालकाला आणता येतो, ही मोकळीक जुने करार हलवूनच करावी लागते.

*

मग ‘वाव’ म्हणा की! “सुधारणेला वाव आहे”, “त्याला इथे वाव मिळाला नाही” असं आपण रोज बोलतो. तिथे पैशाचा संबंध नाही, हातपाय पसरायला जागा आहे का हा प्रश्न आहे. कोकणात समुद्राची खोलीही वावेत मोजतात, दोन्ही हात पसरले की एक वाव. पाच वाव पाणी, सात वाव पाणी. त्यामुळे हा शब्द मोजमापालाही घाबरत नाही. “वॉरियर्सकडे २.६ कोटींचा वाव होता” हे माझ्या कानाला बरं वाटतं. आणि ‘वाव करणे’ म्हटलं की तो आपसूक मिळत नाही, धडपडून करावा लागतो, हेही त्यात येतं.

*

वाव उत्तम! माझी धाव ‘शिल्लक’पर्यंतच गेली होती. आता ड्युरँटचा हिशेब मांडते. मुलाच्या वहीतूनच उतरवून घेतलाय, आकडे त्याचेच.

लीगच्या नवीन टीव्ही-प्रक्षेपण करारामुळे मर्यादा एका उन्हाळ्यात ७ कोटींवरून ९ कोटी ४१ लाखांवर गेली. संघातले आधीचे मोठे खेळाडू: करी १ कोटी २१ लाख, थॉम्पसन १ कोटी ६७ लाख, ग्रीन १ कोटी ५३ लाख, इगुओडाला १ कोटी ११ लाख. चौघांचे मिळून साडेपाच कोटी. ड्युरँटला द्यायचे २ कोटी ६५ लाख. बेरीज ८ कोटी १७ लाख. लेक म्हणतो, इथे करीचा आकडा नीट बघ. तो करार २०१२ साली झाला तेव्हा करीचा घोटा सारखा दुखावलेला असायचा, म्हणून तो इतका कमी. दोन वेळा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस संघातल्या चौथ्या क्रमांकाच्या पगारावर खेळत होता, म्हणून हे सगळं जमलं.

बाकीच्यांसाठी फार थोडं उरतं. म्हणून अँड्र्यू बोगट या खेळाडूला डॅलस संघाला दिलं. पण बार्न्सचं तर करारपत्रच संपलेलं होतं, पगार शून्य. तरी तो हिशेबात का धरला जातो? हे मला समजायला तीन दिवस लागले आणि अजून शब्द नाही.

*

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, पाहिलंय ना? कॅप होल्ड म्हणजे तो रुमाल. माणूस अजून बसलेला नाही, कदाचित बसणारही नाही, पण जागा अडलेली. संघाला म्हणायचं असतं, “हा आमचा जुना खेळाडू, त्याला परत घ्यायचा हक्क आम्ही राखतोय.” लीग म्हणते, खुशाल राखा, पण तोवर त्याच्या नावाने अमुक एवढा वाव अडलेला धरणार. नाहीतर प्रत्येक संघ आधी सगळी मोकळी जागा बाहेरच्यांनी भरेल आणि मग बर्ड अपवादाच्या दाराने आपल्या माणसांना आत घेईल.

लेखी भाषणात ‘धरलेली जागा’ लिहा, बोलताना रुमाल दाखवा. खरोखरचा रुमाल न्यायला सांगा त्याला. खुर्चीवर टाकला की आजोबांना समजावून सांगायची गरज उरणार नाही.

*

आणि रुमाल उचलणं म्हणजे ‘हक्कसोड’. मी दस्तांची कामं करते, हा शब्द रोज हाताखालून जातो. वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा बहिणी भावाच्या नावे सोडतात, त्याला हक्कसोडपत्र म्हणतात. त्याग नाही, हकालपट्टी नाही, माणसाशी नातं तोडणंही नाही. फक्त एक कायदेशीर हक्क होता, तो लेखी सोडला. बार्न्सच्या बाबतीत नेमकं तेच झालं. वॉरियर्सने हक्कसोड केली, रुमालाखालची जागा मोकळी झाली, आणि बार्न्स डॅलसला चार वर्षांच्या ९ कोटी ४० लाखांच्या करारावर गेला. त्याचं नुकसान झालं नाही. म्हणूनही ‘त्याग’ नको.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका उरली. लेकाने बर्ड अपवादाला ‘पळवाट’ लिहिलंय. चालेल?

*

माझ्या मते नाही. पळवाट म्हणजे नियम करणाऱ्याच्या मनात नसलेली फट. बर्ड अपवाद नियमातच लिहिलेला आहे, संघाने आपली माणसं टिकवावीत याच हेतूने. ‘अपवाद’च ठेवा, किंवा ‘सवलत’.

टेबलाखालचा व्यवहार कसा असतो ते पाहायचं तर मिनेसोटा संघाचं प्रकरण बघा. १९९९ला जो स्मिथ हा खेळाडू एका वर्षासाठी १७.५ लाख डॉलर अशा अगदी कमी पगारावर त्यांच्याकडे आला, कारण पुढे बर्ड हक्क तयार झाले की ८ कोटी ६० लाखांचा करार देऊ असं आतून ठरलं होतं. २००० साली ते उघड झालं. संघाला ३५ लाख डॉलर दंड झाला आणि नवोदित खेळाडू निवडायच्या (‘ड्राफ्ट’च्या) पहिल्या फेरीतल्या पाच निवडी काढून घेतल्या, त्यातल्या काही नंतर परत मिळाल्या. याला पळवाटही म्हणता येणार नाही, हा सरळ नियमभंग. खेळाडूने स्वतःहून कमी पगार घेणं मात्र नियमात बसतं. टिम डंकनने २०१५ला तसं केलं आणि सॅन अँटोनियोला लामार्कस ऑल्ड्रिज घेता आला. तिथे ‘पदरमोड’ म्हणावं असं मला वाटतं. मुलाला हा शब्द आवडेल, ड्युरँटनेही २०१७ला तेच केलं. त्याला ३ कोटी १८ लाखांपर्यंत मागता आले असते, त्याने अडीच कोटी घेतले.

*

पदरमोड! घेतला. काल रात्री त्याने हे वाक्य लिहिलं: “वॉरियर्सने बार्न्सची हक्कसोड केली, बोगटला डॅलसला दिलं, आणि ड्युरँटसाठी वाव केला.” एकही इंग्रजी शब्द नाही, आणि मला पहिल्यांदाच हा हिशेब एका दमात कळला.

आता तो ‘ॲप्रन’बद्दल विचारतोय, पहिला आणि दुसरा. आपल्याकडे ॲप्रन म्हणजे डॉक्टरांचा पांढरा डगला.

*

दुसरा ॲप्रन लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०२३च्या करारातला, पहिला त्याच्याही आधीचा. संघाची मर्यादा, तिच्या वर चैनकराची रेषा (जी ओलांडली की संघाला जादा कर भरावा लागतो), आणि तिच्याही वर या दोन रेषा. दुसरी ओलांडली की अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू मागता येत नाही, रोख रक्कम देता येत नाही, सात वर्षांनंतरची पहिल्या फेरीतली निवड गोठते. बॉस्टनने २०२४ला विजेतेपद मिळवलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात दुसऱ्या रेषेखाली येण्यासाठी हॉलिडे आणि पोर्झिंगिस या खेळाडूंना सोडलं.

शब्द म्हणाल तर मी ‘पहिली वेस, दुसरी वेस’ सुचवेन. वेस ओलांडता येते, पण बाहेर पडलं की गावातल्या सोयी मिळत नाहीत. काकांना विचारा, त्यांना याहून नेमका शब्द ठाऊक असेल.