आइस हॉकीच्या हंगामपूर्व सरावात नेमके काय पाहावे?

प्रश्न (दापोली):
गौरी-गणपती आटोपल्यावर आम्ही उभयता लेकीकडे टोरंटोला जात आहोत. तेथील व्यावसायिक आइस हॉकी संघांची शिबिरे सप्टेंबरमध्ये भरतात व काही सरावांना प्रेक्षकांनाही प्रवेश असतो, असे जावई सांगतात. जन्मभर मातीवरची कबड्डी पाहिलेल्या माणसाने तेथे काय पाहावे?

उत्तर (मालवण):
चेंडूऐवजी असलेल्या ३ इंच व्यासाच्या त्या रबरी चकतीमागे नजर धावडवू नका, दमाल. खरी चुरस जागांसाठी असते. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या नियमित हंगामात संघात जास्तीत जास्त २३ खेळाडू ठेवता येतात आणि सामन्यात त्यांतले २०च, म्हणजे १८ स्केटर (गोलरक्षक सोडून बाकीचे खेळाडू) व २ गोलरक्षक, उतरतात. शिबिराला मात्र त्याहून कितीतरी अधिक जण आलेले असतात. म्हणून नावाजलेल्यांपेक्षा, दुय्यम संघात परत जावे लागू नये म्हणून जिवाचे रान करणारी कोवळी पोरे पाहावीत. प्रशिक्षक कोणाला कोणाच्या जोडीने खेळवतात, यावरूनही पुष्कळ कळते.

उत्तर (गुहागर):
वरच्या रांगेत बसावे, म्हणजे दोघांविरुद्ध एक असा सराव चालू असताना बचावपटू चकती सोडून पासची वाट कशी अडवतो, ते दिसते. वेळा बदलतात, तेव्हा आदल्या रात्री खात्री करावी. आत गारठा असतो. आपल्याकडची पातळ शाल पुरणार नाही.

प्रश्नकर्ता (दापोली):
आभारी आहे. सौ.ने कानटोप्या आधीच बांधून ठेवल्या आहेत.