आजोबांना जेलमध्ये 'खडी हातकडी' दिली होती. ही शिक्षा कोणत्या नियमाने देत असत?

पांझराकाठ:
नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागेल, पण विषय घरातला आहे.

माझे आजोबा (आम्ही त्यांना दादा म्हणायचो) धुळ्याजवळच्या खेड्यातले शेतकरी. १९३२ च्या कायदेभंगात त्यांना सक्तमजुरी झाली, वर्ग 'क' (कैद्यांचा सगळ्यात खालचा वर्ग). सुरुवातीला धुळे जेलात होते. विनोबांची गीतेवरची रविवारची प्रवचनं तेव्हा तिथे चालू होती, साने गुरुजी ती उतरवून घेत होते. दादांनी त्यातली पहिली तीन-चार ऐकली. नंतर त्यांना दुसऱ्या जेलात हलवलं आणि पुढचं सगळं तिथे घडलं.

दादा कामाला कधी नाही म्हणाले नाहीत. ज्वारीचं दळण वाट्याला यायचं, ते मुकाट्याने दळायचे. "दयन तं आमनी माय बी दयस" (दळण तर आमची आईही दळते), म्हणायचे. नकार होता तो एकाच गोष्टीला. साहेब पाहणीला आला की सगळ्यांनी जोडीजोडीने उकिडवं बसायचं, मान खाली घालायची आणि मुकादमाने हाळी दिली की "सरकार सलाम" म्हणायचं. दादा उभेच राहिले. पहिल्या वेळी माफीचे (शिक्षेतून सूट मिळालेले) दिवस कापले, दुसऱ्या वेळी गोणपाटाचे कपडे दिले. तिसऱ्या वेळी भिंतीतल्या कड्याला डोक्याच्या उंचीवर हात अडकवून उभं केलं, हीच खडी हातकडी. हे किती दिवस चाललं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदाच म्हणाले, "झोप कसाले म्हंतस ते तवय समजनं."

आमच्या जुन्या घराच्या दाराला दोन कड्या होत्या, एक कमरेजवळ आणि एक वर. वरची कडी दादांनी जन्मभर लावली नाही. रात्री आजीच उठून लावायची. ती गेल्यावर आईने सुताराला बोलावून कडी खाली घेतली. दादा ओट्यावर बसून ते काम बघत होते. सुताराने जुनी भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली, तेव्हा दादांनी उठून त्यावरून अंगठा फिरवला आणि परत जाऊन बसले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. त्या वयात काही विचारायचं सुचलं नाही.

मला विचारायचंय ते असं: ही शिक्षा कायद्यात होती, की त्या जेलरच्या मनाला येईल तसं चालायचं? आणि याची नोंद कुठे सापडू शकेल?

वकीलकाका, जळगाव:
शिक्षा कायद्यात होती. मला त्याचाच जास्त राग येतो.

१८९४ चा तुरुंग कायदा काढून बघा. कलम ४५ मध्ये तुरुंगातले गुन्हे दिले आहेत: कामाला नकार, आजाराचं सोंग, सामानाची नासधूस, पळून जाण्याचा कट. त्यात पहिलाच गुन्हा म्हणजे जेलच्या नियमाची जाणूनबुजून अवज्ञा. तुमच्या दादांचं उभं राहणं याच सदरात बसवलं असणार. कलम ४६ मध्ये शिक्षा आहेत. ताकीद, माफी कापणं, तीन महिन्यांपर्यंत गोणपाट, हातकडी, बेडी, तीन महिन्यांपर्यंत वेगळी कोठडी, ९६ तासांपर्यंत अन्न कमी करणं आणि शेवटी ३० पर्यंत फटके. म्हणजे दादांना एकेक पायरी चढवत नेलं.

हे ठरवायचं कुणी? सुपरिंटेंडेंटने. तक्रार त्याच्याच माणसांची आणि निकाल त्याचाच. कैद्याच्या बाजूने बोलायला कुणी नाही.

कलम ५० नीट वाचा. फटके मारायचे किंवा अन्न कमी करायचं तर आधी डॉक्टरने कैद्याला तपासून 'झेपेल' असं लिहून द्यावं लागे. हातकडीला ही अट नाही. उभं टांगलेल्या माणसाला डॉक्टरने बघितलंच पाहिजे असं त्या कलमात कुठे लिहिलेलं नाही. चाळीस वर्षं वकिली केली, पण हे कलम वाचताना अजूनही पान उलटवत नाही.

अंदमानातही हीच पद्धत होती. जून १९१४ मध्ये कामाला नकार दिला म्हणून सावरकरांना सात दिवस खडी हातकडी आणि त्यानंतर आडव्या दांड्याची बेडी दिल्याची नोंद त्यांच्या जेलच्या तिकिटावर (कैद्याच्या नोंदींच्या कागदावर) आहे.

बोरीकाठची:
मी अमळनेरची. दादांबद्दल पूर्ण आदर ठेवून विचारते. सत्याग्रहींनी जेलची शिस्त पाळावी असं गांधीजींचं सांगणं होतं ना? विनोबा तर जेलात कामाचा आग्रह धरायचे. मग सलामाला नकार देणं त्यात कसं बसतं?

पांझराकाठ:
ताई, हा प्रश्न माझ्या वडिलांनीही दादांना विचारला होता. गांधीजींनी १९३० मध्ये सत्याग्रहींसाठी नियम लिहिले, त्यात जेलची शिस्त पाळा असं आहेच. पण स्वाभिमानाच्या विरुद्ध नसेल तेवढीच. दादांना हे वाक्य पाठ होतं. दळण हे काम होतं, म्हणून ते केलं. जनावरासारखं उकिडवं बसून मान घालणं हे काम नव्हे, असं ते म्हणायचे. सलामाच्या रांगेत उभं राहिल्यावर दुसऱ्या दिवशी ते जात्यावर नेहमीसारखे वेळेवर बसले. जेलरला हेच कळेना, असं सांगायचे. दंगा करणारा कैदी त्याला ठाऊक होता. पूर्ण दळण दळून देणारा आणि तरीही न वाकणारा माणूस त्याला नवा होता.

बोरीकाठची:
पटलं. माझे पणजोबाही त्याच लढ्यात आत होते. घरात त्यांचा फोटो आहे, पण गोष्ट एकही नाही. तुमच्याकडे निदान त्या कडीची गोष्ट आहे.

वकीलकाका, जळगाव:
आता नोंदीचं. कायद्याप्रमाणे प्रत्येक जेलात शिक्षांची वही ठेवावी लागे (कलम १२). तिच्यात कैद्याचं नाव, नंबर, गुन्हा, आधीच्या गुन्ह्यांची संख्या, शिक्षा आणि ती दिल्याची तारीख, हे सगळं भरायचं (कलम ५१). सुरुवात मात्र घरच्या कागदांपासून करा. १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांना केंद्राचं पेन्शन सुरू झालं, त्याला सहा महिन्यांच्या कैदेचा पुरावा लागायचा. दादांनी अर्ज केला असेल तर त्याला जेलचा दाखला जोडलेला असणार. त्यावरचा कैदी नंबर घ्या आणि मुंबईच्या पुराभिलेखागारात (जुने सरकारी कागद जपणाऱ्या कचेरीत) जा. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळातही विचारा.

पांझराकाठ:
काका, आत्ताच आईला फोन केला. पेन्शनची फाईल माळ्यावर पत्र्याच्या ट्रंकेत आहे म्हणाली. शनिवारी गावी जातोय. नंबर मिळाला की इथेच लिहीन.