‘बोहेमियन’ शैलीला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

घरी केलेल्या हस्तकामाविषयी मी मराठीत एक दीर्घ टिपण लिहीत आहे. मॅक्रमेचे, म्हणजे दोरांना गाठी मारून केलेले, वॉल हँगिंग, क्रोशाचे रंगीत चौकोन जोडून केलेली चादर, जुन्या कपड्यांच्या तुकड्यांचे उशांचे अभ्रे आणि हाताने रंगवलेली खुर्ची असे सगळे एका खोलीत मांडले की त्याला सरसकट ‘बोहेमियन’ किंवा नुसते ‘बोहो’ म्हटले जाते. मराठीत लिहिताना मात्र माझे तीन ठिकाणी अडते. या शैलीला ‘जिप्सी शैली’ म्हणणे योग्य आहे का, आणि नसेल तर दुसरा कोणता शब्द आहे? ‘सेल्फ-एक्स्प्रेशन’ला ‘स्व-अभिव्यक्ती’पेक्षा सहज शब्द कोणता? आणि ‘एम्ब्रेस’चे काय करावे? ‘या शैलीला आलिंगन द्या’ असे एके ठिकाणी वाचले आणि ते कानाला फार खटकले.

प्रतिसाद

हा शब्द कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आला ते आधी पाहिले, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा प्रदेश आहे. तेथे एके काळी बोयी नावाच्या केल्टिक टोळ्यांची वस्ती होती, आणि रोमन लेखकांनी त्या भूमीचे जे नाव नोंदवले त्याचा उत्तरार्ध जर्मानिक भाषांतल्या ‘घर’ या अर्थाच्या शब्दाचा आहे. म्हणजे ‘बोहेमिया’चा मूळ अर्थ ‘बोयींचे घर’ असा होतो. घरसजावटीच्या संदर्भात वापरल्या जाणाऱ्या शब्दाच्या पोटातच घर आहे, हे मला मोठे सुखद वाटते. ‘बोहेमियन काच’ या प्रयोगात हा शब्द आजही निव्वळ प्रदेशवाचक आहे. तेव्हा ‘बोहेमियन फुलदाणी’ असे लिहिल्यास जाणकार वाचक त्या प्रदेशात घडलेली काचेची फुलदाणी समजेल, हे टिपण लिहिताना ध्यानात ठेवावे.

पंधराव्या शतकात रोमा नावाच्या भटक्या समाजाचे तांडे पश्चिम युरोपात पोहोचले. 1427 मध्ये त्यांचा एक तांडा पॅरिसजवळ आल्याची नोंद आहे. हे लोक बोहेमियातून आले अशी फ्रेंचांची समजूत झाली आणि त्यांनी त्यांना ‘बोहेमियँ’ हे नाव दिले. इंग्रजांची समजूत आणखी वेगळी होती. त्यांना हे लोक इजिप्तचे वाटले, आणि ‘इजिप्शियन’चा अपभ्रंश होऊन ‘जिप्सी’ हा शब्द तयार झाला. वास्तविक त्यांचे पूर्वज भारतीय उपखंडातून गेले होते, आणि याचा सर्वांत बोलका पुरावा त्यांची भाषाच देते: रोमानीत पाण्याला ‘पानी’, कानाला ‘कान’, माणसाला ‘मनुष’ आणि घराला ‘खेर’ म्हणतात. एकाच समाजाला दोन चुकीच्या पत्त्यांवरून दोन नावे मिळाली, आणि त्यांपैकी ‘जिप्सी’ हे नाव शतकानुशतके हिणवण्यासाठी वापरले गेले. 1971 मध्ये लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमानी परिषदेने ‘रोमा’ हेच नाव पुढे ठेवले. म्हणून माझे स्पष्ट मत असे की ‘जिप्सी शैली’ हा प्रयोग टाळावा. एखाद्या समाजाचे नाव हे पडद्याच्या झालरीचे विशेषण होऊ नये, आणि त्यातही जे नाव त्या समाजातील अनेकांना बोचते ते तर मुळीच होऊ नये.

आज आपल्याला अभिप्रेत असलेला अर्थ एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये रुजला. स्थिर मिळकत नसलेले, पोटमाळ्यांवर राहणारे, रूढ मध्यमवर्गीय जीवन नाकारणारे चित्रकार आणि लेखक स्वतःला ‘बोहेमियँ’ म्हणवू लागले. आंरी म्युर्जे या फ्रेंच लेखकाने त्यांच्या जीवनावर लिहिलेल्या कथा 1851 मध्ये पुस्तकरूपाने आल्या आणि त्यांवर आधारलेला इटालियन संगीतकार पुच्चिनीचा ऑपेरा 1896 मध्ये रंगभूमीवर आला. भटक्या समाजाचे नाव अशा रीतीने कलावंतांच्या मनोवृत्तीचे नाव झाले.

मराठीत याला समांतर असे दोन सुंदर शब्द आहेत. ‘कलंदर’ हा मूळचा भटक्या सूफी फकिरांसाठीचा शब्द मराठीत येऊन बेफिकीर, मनस्वी कलावंताचा वाचक झाला. ‘अवलिया’ हे अरबीत ‘वली’चे अनेकवचन, मराठीने ते एकवचनी केले आणि संतपुरुषाबरोबरच आपल्याच तंद्रीत जगणाऱ्या विलक्षण माणसालाही ते लावले. भटक्या, व्यवहाराबाहेरच्या माणसाच्या नावाने कलावंताला ओळखण्याची ही वाट फ्रेंच आणि मराठी या दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे धरली. अडचण एवढीच की हे दोन्ही शब्द माणसाला चिकटतात, वस्तूला चिकटत नाहीत. ‘कलंदर चित्रकार’ शोभतो. ‘कलंदर चादर’ मात्र शोभत नाही.

वस्तूला आणि खोलीला लागू पडेल असा शब्द शोधताना मी ‘स्वच्छंद’पाशी येऊन थांबतो. याचा ‘स्वच्छ’शी काहीही संबंध नाही. ‘स्व’ आणि ‘छंद’ यांचा संधी होताना मध्ये ‘च्’ येतो, एवढेच. स्वतःच्या छंदाप्रमाणे, म्हणजे स्वतःच्या इच्छेप्रमाणे, असा त्याचा अर्थ आहे, आणि मराठीत फावल्या वेळी आवडीने केलेल्या कामालाही आपण ‘छंद’च म्हणतो. हस्तकाम आणि मनाचा मोकळेपणा या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात एकत्र नांदतात, असे भाग्य ‘बोहेमियन’च्याही वाट्याला आलेले नाही.

हा शब्द कसा लागू पडतो त्याचे एक उदाहरण पाहा. इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात चार्ल्स्टन नावाचे एक शेतघर आहे. चित्रकार व्हनेसा बेल आणि डंकन ग्रँट 1916 मध्ये तेथे राहायला गेले आणि पुढील काही दशकांत त्यांनी दारे, भिंती, टेबले, पलंग, शेकोटीची चौकट असे जे जे हाती येईल ते ते रंगवून काढले. आज ते घर पाहण्यासाठी खुले आहे. तेथे एकही रंग दुसऱ्याची परवानगी घेऊन आलेला नाही, आणि तरीही सगळे एकमेकांना ओळखतात. अशा घराला ‘रंगीबेरंगी’ म्हटले तर अर्धाच अर्थ पोहोचतो, ‘भडक’ म्हटले तर अन्याय होतो, आणि ‘चित्रविचित्र’ हा शब्द आता नावाजण्यापेक्षा नवल व्यक्त करण्यासाठीच अधिक वापरला जातो. ‘स्वच्छंद सजावट’ हे वर्णन त्याला नेमके लागू पडते.

राहिलेले दोन प्रश्न त्या मानाने सोपे आहेत. ‘सेल्फ-एक्स्प्रेशन’साठी ‘आत्माविष्कार’ हा मराठी समीक्षेत रुळलेला शब्द आहे. हिंदीत ‘आविष्कार’ म्हणजे नवा शोध, पण मराठीत त्याचा अर्थ आत असलेले प्रकट होणे असाच आहे. वाक्य हलके ठेवायचे असेल तर ‘स्वतःला व्यक्त करणे’ पुरेसे आहे. ‘एम्ब्रेस’च्या बाबतीत तुमच्या कानाने दिलेला कौल बरोबर आहे. मराठीत आलिंगन माणसाला देतात. शैली ‘आपलीशी करतात’, आणि औपचारिक लेखनात ती ‘अंगीकारतात’. ‘अंगीकार’ या शब्दात अंग आहेच, त्यामुळे मूळ प्रतिमाही पूर्णपणे हरवत नाही.

शंका

‘स्वच्छंद’चा अर्थ पटला, परंतु ‘स्वच्छंदी’ हे विशेषण मराठीत पुष्कळदा नापसंतीने वापरले जाते. ‘तो स्वच्छंदी आहे’ म्हटले की कुणाचे न ऐकणारा, जबाबदारी टाळणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. मग ‘स्वच्छंद सजावट’ वाचून वाचकाला पसारा किंवा कसेतरी उरकलेले काम वाटणार नाही का?

शंकेला उत्तर

ही शंका रास्त आहे, आणि म्हणूनच मी ‘स्वच्छंदी’ न सुचवता ‘स्वच्छंद’ सुचवला. ईकारान्त रूप स्वभाववाचक झाले आहे आणि दूषण त्यालाच चिकटले आहे. ‘पक्षी स्वच्छंद विहरतात’ या वाक्यात कुणालाही दोष दिसत नाही. बेबंदपणा दाखवायचा असेल तर ‘स्वैर’ हा शब्द मराठीत आहे. ज्या कामात रीतच नाही त्याला तो वापरावा.

मी उल्लेख केलेल्या कामांत मात्र रीत पुरेपूर असते. मॅक्रमेतील चौकोनी गाठ घ्या: मधले दोर स्थिर ठेवून बाजूच्या दोरांची अर्धी गाठ आधी एका अंगाने आणि मग दुसऱ्या अंगाने मारावी लागते. दोन्ही वेळा एकाच अंगाने मारली तर पट्टी सपाट राहत नाही, पीळ घेऊन गोल फिरू लागते. क्रोशाच्या चौकोनात कोपऱ्यावर टाके वाढवायचे विसरले तर चौकोन आक्रसून वाटीसारखा होतो. धावदोऱ्याचे टाके सारखे नसतील तर जोडलेले तुकडे चुण्या धरतात. रंग कोणते घ्यायचे हा प्रश्न संपूर्णपणे करणाऱ्याच्या मनाचा आहे. गाठ कशी मारायची हा तसा नाही. मराठीत ‘छंद’ म्हणजे आवड आणि ‘छंद’ म्हणजे कवितेचे वृत्तही, ज्यात अक्षरे किंवा मात्रा मोजाव्याच लागतात. हे दोन्ही अर्थ इथे एकाच वेळी खरे ठरतात, म्हणून या शब्दावर माझा एवढा भर आहे.

एक सावधगिरी ‘ठिगळ’ या शब्दाबाबत. ‘आभाळच फाटले तेथे ठिगळ कोठे लावणार’ या म्हणीत जी अगतिकता आहे ती ‘ठिगळकाम’ या शब्दातही उतरते. आवडीने जुळवलेल्या तुकड्यांसाठी ‘गोधडीकाम’ लिहिणे मला अधिक योग्य वाटते, कारण गोधडी म्हटल्यावर गरजेच्या आधी ऊब आठवते. तसेच ‘होम क्राफ्ट’साठी ‘गृहोद्योग’ नको, कारण त्यात विक्री गृहीत धरलेली असते. ‘घरगुती हस्तकला’ किंवा ‘घरचे हस्तकाम’ ठीक.

तुमच्या टिपणाची सुरुवात माझ्या मते अशी करता येईल: ‘बोहेमियन, अर्थात स्वच्छंद, शैली आपलीशी करायला महागडे सामान लागत नाही, घरच्या हस्तकामातून स्वतःला व्यक्त करण्याची इच्छा लागते.’ पहिल्या उल्लेखात दोन्ही शब्द शेजारी ठेवावेत आणि त्यानंतर केवळ ‘स्वच्छंद’ वापरावा. ‘बोहो’ हे लघुरूप चित्राखालच्या ओळीत चालेल. सलग गद्यात मी ते घेणार नाही.